घाटाची वळणे आणि कानातील तीन नलिका

खोपोली मागे पडते आणि गाडी बोरघाट चढू लागते. पुढच्या आसनावरील मंडळींना नागफणीचा सुळका दिसतो, पावसाळा असेल तर कड्यांवरून कोसळणारे पाणी दिसते. मागच्या आसनावर मोबाईलमध्ये डोके घालून बसलेला दहा वर्षांचा नातू मात्र एकाएकी गप्प होतो. त्याच्या कपाळावर घाम येतो, चेहरा उतरतो आणि त्याची आई लगबगीने पिशवी शोधू लागते. ‘गाडी लागली’ असे सगळे म्हणतात. कोकणात आगबोटी चालत असत त्या काळी ‘बोट लागली’ म्हणत. मराठी भाषेने दोष वाहनाला दिला आहे. वस्तुतः दोष गाडीचा नाही, घाटाचा नाही आणि पोटाचाही नाही. या साऱ्या प्रकाराचे मूळ कानात आहे.

आता त्याच घाटाच्या माथ्यावर, लोणावळ्यातील एखाद्या घराची कल्पना करावी. घरातील आजी सत्तरीच्या आहेत. पहाटे नवकार स्मरून उठायचे, सामायिक करायचे आणि मग देरासरात जाऊन दर्शन घ्यायचे, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. एका पहाटे त्या अंथरुणात उजव्या कुशीवर वळतात आणि छत, भिंती, खिडकी, सारे गरगर फिरू लागते. अर्ध्या मिनिटात ते थांबते, पण पुन्हा वळताच पुन्हा तेच. त्या घाबरून जातात. मुलगा म्हणतो, ‘आई, बीपी वाढले असेल.’ सून म्हणते, ‘कालच्या उपवासाने पित्त झाले असेल.’ शेजारच्या काकू मानेच्या मणक्यांवर संशय घेतात. रक्तदाब तपासला जातो, मानेचा एक्स-रे निघतो, मानेला पट्टा येतो, चक्करेच्या गोळ्या सुरू होतात. महिने जातात. आजी वाकायला भितात, वर पाहायला भितात, एकट्या देरासरात जाणे सोडतात. खमासमण देताना मस्तक जमिनीला टेकवले की पृथ्वी फिरते, म्हणून हातच जोडून घरी परततात, आणि ही गोष्ट मनाला लावून घेतात.

असा प्रसंग कोणत्याही घरात घडू शकतो आणि अनेक घरांत घडत असतो. नातवाचा घाट आणि आजींची गरगर या दोन वेगळ्या तक्रारी असल्या, तरी दोन्हींचा उगम एकाच ठिकाणी आहे. तो आहे आंतरकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांत.

हाडात कोरलेले लेणे

मावळाला लेण्यांची ओळख करून द्यायला नको. कार्ले, भाजे, बेडसे ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. कामशेतजवळच्या पाले गावाच्या डोंगरात एक लहानसे लेणे आहे. त्यातील ब्राह्मी शिलालेखाचा आरंभ अर्हतांना केलेल्या नमस्काराने होतो आणि इंद्ररक्षित नावाच्या भदंतांनी लेणे व पाण्याची पोढी खोदवल्याचा त्यात उल्लेख आहे. इसवी सनापूर्वीचा हा लेख अभ्यासकांनी जैन परंपरेतील म्हणून ओळखला आहे. खडक कोरून आत मोकळी जागा करावी आणि तिच्यात पाणी साठवावे, अशीच काहीशी रचना प्रत्येकाच्या कानशिलाच्या हाडात असते. कवटीच्या तळाशी असलेला या हाडाचा भाग शरीरातील अत्यंत कठीण हाडांपैकी एक आहे. त्याच्या पोटात वाकड्यातिकड्या पोकळ्यांचे एक लेणे आहे आणि ते द्रवाने भरलेले आहे.

या लेण्याचे दोन भाग. पुढचा भाग गोगलगायीच्या शंखासारखा. तो ऐकण्याचे काम करतो. मागचा भाग तोल सांभाळतो. मागच्या भागात दोन लहान पिशव्या आणि तीन वाकलेल्या नलिका असतात. नलिकांना अर्धवर्तुळाकार म्हणत असले तरी प्रत्येकीचा आकार वर्तुळाच्या सुमारे दोन तृतीयांश भागाएवढा भरतो. त्या वर्तुळाचा व्यास जेमतेम ६ ते ७ मिलीमीटर, म्हणजे वाटाण्याएवढा. आतील पातळ पडद्याची नळी तर एका मिलीमीटरच्या एक तृतीयांश जाडीची असते.

तिन्ही नलिका एकमेकींशी जवळजवळ काटकोनात असतात. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशा मिळतात, तशी ही मांडणी आहे. एक नलिका आडवी, एक पुढची आणि एक मागची. ‘नाही’ म्हणताना मान डावी-उजवीकडे फिरते, ती हालचाल आडवी नलिका टिपते. ‘हो’ म्हणताना मान खाली-वर होते किंवा आपण डोके खांद्याकडे झुकवतो, तेव्हा पुढच्या व मागच्या नलिका काम करतात. तीन दिशांना तीन नलिका असल्यामुळे डोके कसेही फिरले तरी त्याची नोंद झाल्यावाचून राहत नाही.

ही नोंद होते कशी? प्रत्येक नलिकेच्या एका टोकाशी फुगवटा असतो. त्यात सूक्ष्म केसांच्या पेशी असतात आणि त्या केसांवर जेलीसारख्या पदार्थाचा एक मऊ पडदा उभा असतो, जणू पाण्याच्या पाटात उभी केलेली लवचीक फळी. डोके फिरले की हाडाची भिंत लगेच फिरते, पण आतील द्रव जडत्वामुळे क्षणभर मागे राहतो. तो पडद्यावर दाबला जातो, पडदा वाकतो, केस झुकतात आणि चेतातंतूतून मेंदूकडे संदेश जातो. बस एकदम सुटली की उभे प्रवासी मागे झुकतात, तोच हा न्याय.

मंगळागौरीच्या रात्री फुगडी घातलेल्या प्रत्येकीला या यंत्रणेचा अनुभव आहे. फुगडी बराच वेळ चालली की नलिकेतील द्रव डोक्याच्या वेगाने फिरू लागतो. मग फुगडी थांबते, पाय थांबतात, डोके थांबते, पण आतील द्रव थांबत नाही. तो पडद्याला उलट्या बाजूने ढकलत राहतो. मेंदूला वाटते, अजून फिरणे चालूच आहे. म्हणून घर फिरते. काही क्षणांत पडदा सरळ होतो आणि घरही जागेवर येते.

तीन वह्यांचा ताळमेळ

शेजारच्या दोन पिशव्यांचे काम थोडे निराळे आहे. त्यांतील केसांवर कॅल्शियम कार्बोनेटचे असंख्य सूक्ष्म खडे चिकटलेले असतात. एकेक खडा मिलीमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. गुरुत्वाकर्षणामुळे हे खडे खाली ओढले जातात आणि ‘वर’ कोणते, ‘खाली’ कोणते, गाडी पुढे निघाली की थांबली, हे मेंदूला समजते. नलिका फिरण्याची नोंद ठेवतात, पिशव्या कलण्याची आणि सरळ रेषेतील हालचालीची. खडे पिशवीतच असावेत, नलिकेत येऊ नयेत, अशी निसर्गाची व्यवस्था आहे. आजींच्या दुखण्याचे रहस्य याच ओळीत आहे. त्याकडे पुढे वळायचे आहे.

डाव्या आणि उजव्या कानातील नलिका जोडीने काम करतात. डोके उजवीकडे वळले की उजव्या आडव्या नलिकेचे संदेश वाढतात आणि त्याच वेळी डाव्या नलिकेचे कमी होतात. व्यापारी घरांत वाढलेल्या वाचकांना हे चटकन समजेल. एका बाजूला जमा, तर दुसऱ्या बाजूला तेवढेच नावे. दोन्ही बाजू जुळल्या की मेंदू निश्चिंत. डोके स्थिर असताना एका कानाच्या नोंदी अचानक बंद पडल्या, तर हिशेब एकतर्फी होतो आणि मेंदू समजतो की आपण गरगर फिरतो आहोत.

याशिवाय मेंदूपाशी तोलाच्या एकूण तीन वह्या असतात. एक डोळ्यांची, एक कानाची आणि एक पायांची, म्हणजे स्नायू, सांधे व तळव्यांकडून येणाऱ्या जाणिवेची. एरवी तिन्ही वह्यांची तेरीज जुळते. घाटातील मोटारीत मात्र नातवाच्या डोळ्यांची वही सांगते, ‘समोरचा पडदा स्थिर आहे.’ कानाची वही सांगते, ‘आत्ता डावे वळण, आत्ता उजवे, आता चढ.’ नोंदी जुळत नाहीत आणि त्या गोंधळाची वसुली पोटाकडून होते. गाडी चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही, कारण त्याचे डोळे वळण आधीच पाहतात आणि हातही तेच वळण घेत असतात. दोन वर्षांखालील मुलांना हा त्रास क्वचित होतो. शाळकरी वयात तो सर्वाधिक असतो आणि पुढे बहुधा कमी होत जातो.

लोणावळ्यात आयएनएस शिवाजी ही नौदलाची अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था १९४५ पासून आहे. डोंगरमाथ्यावर शिकलेले हे तरुण पुढे समुद्रावर जातात आणि बोट लागण्याशी त्यांचीही गाठ पडते. बोट लागणे कानामुळेच घडते याचा एक विलक्षण पुरावा अमेरिकेत मिळाला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तेथील नौदल आणि अवकाश संशोधन संस्थेने गॅलॉडेट महाविद्यालयातील अकरा बधिर व्यक्तींवर प्रयोग सुरू केले. त्यांतील बहुतेकांची श्रवणशक्ती आणि कानातील तोलयंत्रणा बालपणीच्या मेंदूज्वराने नष्ट झाली होती. खवळलेल्या समुद्रात बोटीवर संशोधक उलट्यांनी बेजार झाले, आणि हे अकरा जण मात्र निवांत पत्ते खेळत राहिले. कानाची वहीच कोरी असल्यामुळे त्यांच्या मेंदूत विसंगतीच निर्माण होत नव्हती.

ईर्यासमिती आणि स्थिर दृष्टी

जैन परंपरेत श्रोत्र हे पाचवे इंद्रिय आणि शब्द हा त्याचा विषय. त्याच इंद्रियाच्या शेजारी, त्याच हाडाच्या लेण्यात, तोलाची ही मूक यंत्रणा वसते. तिला स्वतःचा रंग नाही, गंध नाही, आवाज नाही. ती बिघडेपर्यंत ती आहे हेही कळत नाही. तिचे आणखी एक मोठे काम आहे, ते दृष्टी स्थिर ठेवण्याचे.

वाचकांनी एक साधा प्रयोग करून पाहावा. हे मासिक समोर स्थिर धरून डोके भराभर डावी-उजवीकडे हलवावे. अक्षरे वाचता येतात. आता डोके स्थिर ठेवून त्याच वेगाने मासिक हलवावे. अक्षरे पुसट होतात. पहिल्या वेळी आडव्या नलिकांनी डोक्याची प्रत्येक हालचाल टिपली आणि डोळ्यांना तेवढेच उलट फिरवले. यास लागणारा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो. दुसऱ्या वेळी डोके हललेच नाही, म्हणून कान काही मदत करू शकला नाही.

मुंबई-पुणे पायी विहार करणारे साधू-साध्वी याच घाटाने चढतात. चार हात पुढची भूमी पाहत, मुंगीसारखा जीवही पायाखाली येऊ नये अशा दक्षतेने चालणे, ही ईर्यासमिती. प्रत्येक पावलाला डोके वर-खाली होते, तरी समोरची मुंगी अस्पष्ट होत नाही. जीवदयेचा भाव अंतःकरणात असतो. पण तो भाव आचरणात उतरण्यासाठी जी स्थिर दृष्टी लागते, ती देण्याचे काम या नलिका करतात.

त्या नसत्या तर काय होते, हेही ठाऊक आहे. १९४४ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरील औषध जगापुढे आले आणि असंख्य प्राण वाचले. पण या औषधाने काहींच्या कानातील केसांच्या पेशी कायमच्या नष्ट झाल्या. गुडघ्याच्या क्षयासाठी हे औषध घेतलेल्या एका अमेरिकन डॉक्टराने १९५२ मध्ये स्वतःचा अनुभव लिहून ठेवला आहे. नाडीच्या ठोक्याने डोके किंचित हले तरी त्याला अक्षरे नाचताना दिसत. वाचण्यासाठी त्याला पलंगाच्या गजांमध्ये डोके टेकवून घट्ट धरावे लागे. चालताना समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखता येत नसे. थांबले तरच ओळख पटे. जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविके आजही असा परिणाम घडवू शकतात. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी लागतात.

हे ज्ञान कसे आले

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत या नलिका ऐकण्यासाठीच आहेत असा समज होता. १८२० च्या दशकात फ्लोरेन्स या फ्रेंच शास्त्रज्ञाने कबुतरांच्या नलिका छेदून पाहिल्या. कबुतरांना ऐकू येत राहिले, पण जी नलिका छेदली तिच्या दिशेने ती गोल फिरू लागली. या ज्ञानाच्या मुळाशी मुक्या जीवांची वेदना आहे, हे जैन वाचकाला विसरता येणार नाही आणि विसरूही नये. १८६१ मध्ये पॅरिसच्या प्रॉस्पर मेनियेर यांनी दाखवून दिले की गरगरणे, कानात आवाज आणि बहिरेपणा यांचे एकत्र येणारे झटके कानामुळे असू शकतात. तोवर असे झटके मेंदूत रक्त साचल्याचे लक्षण मानले जात आणि रुग्णांचे रक्त काढले जाई.

व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी कान धुण्याचे काम करीत असताना एका रुग्णाने तक्रार केली की पाणी थंड आहे, चक्कर येते. पाणी गरम केले तर ते जास्त गरम झाले, तरी चक्कर आलीच. मात्र आता डोळ्यांची थरथर उलट्या दिशेला होती. पाणी शरीराएवढे कोमट असले की काहीच होत नसे. तापमानाच्या फरकाने नलिकेतील द्रव हलतो, हे बारानींनी ओळखले आणि त्यातून कानाची एक तपासणी सिद्ध झाली. ती आजही केली जाते. १९१४ चे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

आजींच्या कानातील खडा

आता आजींकडे परतावे. वयोमानाने, डोक्याला मार लागल्याने किंवा कधी काहीच कारण न दिसता, पिशवीतील काही खडे सुटतात आणि नलिकेत शिरतात. बहुधा ते मागच्या नलिकेत जातात, कारण ती सर्वांत खाली असते. आजी कुशीवर वळल्या की खडे घरंगळतात, द्रवाला ओढतात आणि पडदा वाकतो. डोके थांबलेले असते, पण नलिका सांगते की फिरणे चालू आहे. खडे तळाशी बसले की गरगर थांबते. म्हणून प्रत्येक झटका एक मिनिटाच्या आतच संपतो. अंथरुणात वळताना, माळ्यावरचा डबा काढायला वर पाहताना, केस धुताना आणि खमासमण देताना तो येतो. ऐकणे नेहमीसारखेच राहते. डॉक्टर या विकाराला बीपीपीव्ही म्हणतात. गरगरण्याच्या कारणांत तो सर्वांत अधिक आढळतो. पन्नाशीनंतर त्याचे प्रमाण वाढते आणि स्त्रियांत तो अधिक दिसतो.

त्याचे निदान एक्स-रेने किंवा रक्ततपासणीने होत नाही. लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये सांगितलेली साधी पद्धत आजही वापरतात. रुग्णाची मान ४५ अंशांत एका बाजूला वळवून त्याला झटकन उताणे निजवायचे, डोके पलंगाच्या कडेखाली किंचित लोंबते ठेवायचे आणि डोळ्यांकडे पाहायचे. काही सेकंदांत डोळे विशिष्ट पद्धतीने थरथरू लागले की कोणत्या कानाच्या कोणत्या नलिकेत खडे आहेत, हे कळते.

उपचार त्याहून सोपा आहे. अमेरिकेतील जॉन एप्ली यांनी विचार केला, की खडे नलिकेत घरंगळत आले असतील तर डोके क्रमाक्रमाने फिरवून त्यांना घरंगळतच पिशवीत परत नेता येईल. सुरुवातीला सहकाऱ्यांनी त्यांची थट्टा केली. १९९२ मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि आज जगभर ही पद्धत वापरली जाते. औषध नाही, सुई नाही, शस्त्रक्रिया नाही. पाच-दहा मिनिटांत काम होते. बहुतेक रुग्णांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. काहींना पुढे पुन्हा त्रास होतो आणि पुन्हा तीच कृती करावी लागते. ‘ड’ जीवनसत्त्व कमी असलेल्यांनी ते घेतल्यास पुनरावृत्ती कमी होते, असे कोरियातील २०२० च्या एका मोठ्या चाचणीत दिसून आले. मात्र कोणता कान दोषी आहे हे ठरल्यावाचून घरच्या घरी ही कृती करू नये. एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ती करून घ्यावी आणि शिकूनही घ्यावी.

गोळ्यांनी गरगर दबते, खडे हलत नाहीत. तोल मंदावल्याने वृद्ध माणसाची पडण्याची शक्यता मात्र वाढते. सत्तरीत पडून खुब्याचे हाड मोडले तर अंथरूण धरावे लागते आणि त्यानंतर येणारी संकटे मूळ दुखण्यापेक्षा कितीतरी मोठी असतात. पाच मिनिटांत बरा होणारा विकार महिनोन्महिने अंगावर काढण्याची खरी किंमत ही आहे.

अंधारी वेगळी, भोवळ वेगळी

प्रत्येक चक्कर कानाची नसते. मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत, ते डॉक्टरांसमोर जपून वापरावेत. उपवासात, अठ्ठाईत किंवा उन्हाळ्यात उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि बसल्यावर किंवा आडवे झाल्यावर बरे वाटते. ते पाण्याच्या, रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या कमतरतेचे लक्षण असू शकते. घर गरगर फिरते ती भोवळ, आणि तिचा संशय कानावर घ्यावा. ज्यांना मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू आहेत, त्यांनी तप आरंभण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून औषधांची मात्रा ठरवून घ्यावी.

कानाचे इतरही विकार आहेत. तोलाच्या चेतातंतूला सूज आली तर दिवसरात्र सतत गरगरते, उलट्या होतात आणि काही दिवसांनी उतार पडतो. ऐकणे मात्र शाबूत राहते. मेनियेर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात झटका वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकतो, कान भरल्यासारखा वाटतो, कानात आवाज येतो आणि ऐकू येणे कमी-अधिक होते. त्यात मीठ कमी करण्याचा सल्ला देतात. किती वेळ गरगरते, कशाने सुरू होते आणि ऐकण्यावर परिणाम होतो का, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून नेली तर निदान अर्धे झाले असे समजावे.

गरगरण्याबरोबर बोलणे अडखळत असेल, एकाचे दोन दिसत असेल, चेहरा वाकडा झाला असेल, हातपाय लुळा पडला असेल, आधाराशिवाय उभेच राहता येत नसेल किंवा पूर्वी कधी नव्हती अशी तीव्र डोकेदुखी असेल, तर तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. अशा वेळी कानाची चर्चा करीत बसू नये. त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी.

सराव आणि सावधगिरी

एका कानाची यंत्रणा कायमची बिघडली तरी मेंदू उरलेल्या वह्यांवरून नवा हिशेब मांडायला शिकतो. त्यासाठी हालचाल हवी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी डोक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी व्यायाम बसवले. त्यांत आधी डोळे हलवायचे, मग मान, मग बसून-उठून, शेवटी चालताना डोके फिरवायचे असते. सतत झोपून राहणे आणि चक्करेच्या गोळ्या महिनोन्महिने घेणे यांमुळे हे शिकणे लांबते.

लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाभ्यासाची प्रयोगशाळेत तपासणी करण्याचा पायंडा पाडला. १९८४ मध्ये राकेश शर्मा यांनी अंतराळात योगासने केली, त्यामागेही भारहीन अवस्थेशी शरीर कसे जुळवून घेते हे पाहण्याचा हेतू होता. ताडासन, वृक्षासन अशी आसने भिंतीच्या आधाराने केली तर तळव्यांची आणि स्नायूंची जाण वाढते. कायोत्सर्गात उभे राहून डोळे मिटले की डोळ्यांची वही बंद होते आणि तोलाचा भार कान व पायांवर येतो. म्हणून ज्यांचा तोल जातो त्यांनी कायोत्सर्ग बसून करावा. परंपरेत बसून करण्याचीही मुभा आहे. भोवळीचा त्रास चालू असताना शीर्षासन, सर्वांगासन व हलासन टाळावे. रात्री उठताना आधी कडेवर बसावे, दिवा लावावा, मग उभे राहावे.

घाटातील नातवासाठीही उपाय आहेत. मोबाईल बाजूला ठेवून त्याने दूरच्या डोंगराकडे पाहावे. शक्य असल्यास गाडीच्या मध्यभागातून समोरचा रस्ता दिसेल असे बसवावे. खिडकी उघडी असावी, पोट तुडुंब किंवा अगदी रिकामे नसावे. आल्याचा तुकडा तोंडात धरण्याचा सल्ला सर्वत्र मिळतो. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरांत सुंठ चालते, तिचा उपयोग करून पाहण्यास हरकत नाही. गोळी द्यायचीच तर डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रवासापूर्वी अर्धा-एक तास द्यावी. खंडाळ्याला पोहोचल्यावर दिलेली गोळी पोटात टिकत नाही.

आणि आजी? त्यांना कोणी तरी तज्ज्ञांकडे नेले, त्यांनी आजींना एकदा निजवले, मान वळवली, कुशीवर फिरवले आणि उठवून बसवले, तर दुसऱ्या दिवशी पहाटे त्या पुन्हा देरासराच्या पायऱ्या चढू शकतात. दोन गुडघे, दोन हात आणि मस्तक अशी पाचही अंगे जमिनीला टेकवू शकतात, आणि पृथ्वी जागच्या जागी राहते. घरातल्या ज्येष्ठांनी ‘फिरल्यासारखे होते’ असे म्हटले, तर ‘वय झाले’ असे उत्तर देण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा, ‘कुशीवर वळताना होते का?’ एवढ्या एका प्रश्नाने एखाद्याचा अनेक वर्षांचा नेम त्याला परत मिळू शकतो.